ग्रेट डेनसाठी विमा घ्यावा का? महाकाय कुत्र्यांचा हिशेब कसा मांडायचा?

मृण्मयी_ल

नमस्कार मंडळी. लवकरच आमच्या घरी ग्रेट डेनचं पिल्लू येतंय, मादी. तिची आई साठ किलोच्या आसपास आहे, बाप त्याहून बराच जड. विम्याची चौकशी सुरू केली आणि पहिल्याच कोटेशनला थबकले. आधीच्या लहान कुत्र्यासाठी जो प्रीमियम भरत होतो, त्याच्या कितीतरी वरचा आकडा आहे. नवरा म्हणतो, तेवढीच रक्कम दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकू, कंपनीला कशाला द्यायची? त्याचं म्हणणं पटतं, पण धीर होत नाही.

एवढा प्रीमियम का, तो सार्थकी लागतो का आणि पॉलिसीत नेमकं काय वाचायचं, हे ज्यांनी मोठी कुत्री सांभाळली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

हिशेबनीस

तुमच्या मिस्टरांचं बरोबर आहे. कंपनी प्रीमियममधूनच क्लेम देते, त्यातूनच पगार आणि कमिशन देते आणि वर नफाही काढते. सगळ्या ग्राहकांचा एकत्र हिशेब केला तर भरलेल्यापेक्षा परत आलेलं कमीच निघणार. खात्यात पैसे टाकले तर ते तुमचे राहतात. कुत्रं ठणठणीत राहिलं तर सगळेच उरतात आणि 'हे आमच्या नियमात बसत नाही' असं कुणी सांगत नाही. लसी, जंताचं औषध, खाणं, पट्टा यांतलं काहीही साध्या पॉलिसीत मिळत नाही, तो खर्च वेगळा करावाच लागतो. फक्त शिस्त हवी. खात्याला दुसऱ्या कशासाठी हात लावायचा नाही.

ढगाची_आई

आमचा ढग न्यूफाउंडलंड आहे. विमा आहे, पण त्यातलं एक कलम आम्हाला फार महागात पडलं, ते सांगते.

पॉलिसी घेण्याआधी एकदा त्याला कानाच्या दुखण्यासाठी नेलं होतं. तपासताना डॉक्टरांनी कागदावर एक ओळ लिहिली, 'मागच्या डाव्या पायावर भार कमी देतो.' औषध काही दिलं नाही, आठवड्यात चालणं सुधारलं. पुढे पॉलिसी घेतली. बऱ्याच काळाने त्याच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं आणि मोठी शस्त्रक्रिया झाली. क्लेम नाकारला गेला. कारण काय, तर डाव्या पायाची तक्रार आधीपासूनची होती आणि जोडीच्या अवयवांत एका बाजूचं दुखणं जुनं असेल तर दुसऱ्या बाजूचंही जुनंच धरतात. कलम पॉलिसीत छापलेलं होतं. पण कानासाठी गेलेल्या दिवशीची एक ओळ दुसऱ्या पायाला जाऊन चिकटेल, हे कुणाच्या मनात येईल?

मृण्मयी, तुमच्या पॉलिसीत 'दोन्ही बाजूंचे आजार' असा काही उल्लेख आहे का, ते सगळ्यात आधी शोधा. गुडघे, कोपर, नितंबाचे सांधे, डोळ्यांच्या पापण्या, मोठ्या जातींची निम्मी दुखणी जोडीनेच येतात.

नाडीपरीक्षा

मी पशुवैद्य आहे, शस्त्रक्रिया करते. ढगाच्या आईने लिहिलंय ते अगदी खरं. एका गुडघ्याचं लिगामेंट गेलेल्या कुत्र्यांपैकी साधारण निम्म्यांचं दुसरंही कधी ना कधी जातं. त्यामुळे त्या कलमाची किंमत एका शस्त्रक्रियेएवढी आहे.

हिशेबनीस, तुमचं गणित लहान कुत्र्याला ठीक लागू पडतं. महाकाय जातीत मात्र खर्चही वेगळा असतो आणि हातात असलेला वेळही.

आधी खर्च. बहुतेक औषधं किलोमागे मोजून देतात. हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगण्याचा आजार डेन, आयरिश वुल्फहाउंड आणि न्यूफाउंडलंड या जातींत बराच दिसतो. त्यावर पिमोबेंडान हे औषध जन्मभर चालतं. डोस किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे ७० किलोच्या डेनला रोज ३५ मिलिग्रॅम, ५ मिलिग्रॅमच्या ७ गोळ्या. ७ किलोच्या कुत्र्याला रोज साडेतीन मिलिग्रॅम पुरतात. सोबत लघवी वाढवणारी औषधं, वरचेवर इको, ईसीजी. सगळंच दहापट होतं असं नाही. केमोथेरपीची काही औषधं शरीराच्या पृष्ठभागावरून मोजतात, तिथे याच दोन कुत्र्यांत फरक साधारण साडेचार पट राहतो. पण भूल, सलाइन, रक्त, हाडात बसवायच्या प्लेट, सगळ्याचं माप मोठं. शस्त्रक्रियेनंतर ७० किलोच्या कुत्र्याला दर काही तासांनी कूस बदलून द्यावी लागते, त्याला दोन-तीन माणसं लागतात. त्यांचेही पैसे बिलात येतात.

आता वेळ. डेनचं आयुष्य साधारण ७ ते १० वर्षं, वुल्फहाउंडचं ६ ते ८. त्यातली पहिली दीड-दोन वर्षं वाढीत जातात आणि त्याच वयात सांध्यांची दुखणी डोकं वर काढतात. हिप डिसप्लेशिया म्हणजे नितंबाचा सांधा नीट न बसणं, तसाच कोपराचा डिसप्लेशिया, खांद्याच्या सांध्यातली कूर्चा सुटणं, ही सगळी वाढत्या वयातली. पिल्लू १० महिन्यांचं असताना शस्त्रक्रिया निघाली तर खात्यात किती असेल? जेमतेम आठ हप्ते. लहान जातीचं कुत्रं चौदा-पंधरा वर्षं जगतं आणि त्याचे मोठे आजार बहुधा उतारवयात येतात, तोवर खातं भरलेलं असतं. महाकाय जातीत आजार आधी येतो, पैसे मागाहून.

आणि पोटाला पीळ पडणं. याबद्दल सविस्तर लिहिते, कारण डेन पाळणाऱ्या प्रत्येकाला ते पाठ असायला हवं. खोल छातीच्या कुत्र्यांचं जठर वाऱ्याने फुगतं आणि स्वतःभोवती फिरतं. सगळ्या जातींत डेनला याचा धोका सर्वाधिक. कुत्रं अस्वस्थ होतं, एका जागी बसत नाही, पुन्हा पुन्हा ओकारी काढतं पण बाहेर काही पडत नाही, पडला तर पांढरा फेस. पोट ताणलेलं, बोटाने टिचकी मारली तर ढोलासारखा आवाज. हिरड्या आधी लाल, मग फिकट पडत जातात. अशा वेळी सकाळची वाट बघायची नाही, घरगुती उपाय करायचे नाहीत, फोन करत करत निघायचं. आम्ही पुढच्या दोन्ही पायांच्या शिरांतून भरभरून सलाइन देतो, पोटातली हवा नळीने किंवा सुईने काढतो, एक्स-रेवर पीळ दिसला की पोट उघडतो. जठर सरळ करून पोटाच्या भिंतीला शिवतो. प्लीहा खराब झाली असेल तर तीही काढावी लागते. पुढचे दोन-तीन दिवस हृदयाचे ठोके चुकत नाहीत ना, हे पाहायला अतिदक्षता विभागात ठेवतो. एवढं करूनही सगळी वाचत नाहीत. पण जी लवकर येतात त्यांतली बरीच वाचतात.

अशा रात्री मालक टेबलापलीकडे उभे असतात आणि मला अंदाजे खर्चाचा कागद त्यांच्या हातात द्यावा लागतो. बरा होऊ शकणारा कुत्रा केवळ त्या कागदामुळे गमावलेले लोक मी पाहिलेत. म्हणून मी विम्याच्या बाजूने आहे.

मृण्मयी_ल

डॉक्टर, वाचताना काटा आला. हे आधीच टाळता येत नाही का? जेवणाची वाटी उंच स्टँडवर ठेवायची असं ऐकलंय.

नाडीपरीक्षा

उंच स्टँडचा सल्ला अजून दिला जातो, पण पर्ड्यू विद्यापीठाच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उंचावरून खाणाऱ्या मोठ्या कुत्र्यांत धोका जास्त दिसला. वाटी जमिनीवर ठेवा. एकदाच पोटभर देण्यापेक्षा दोन-तीन वेळा थोडं थोडं द्या, बकाबका खात असेल तर सावकाश खायला लावणारी वाटी वापरा. आई, बाप, भावंडं यांच्यात कुणाला पीळ पडला होता का, हे ब्रीडरला स्पष्ट विचारा, कारण जवळच्या नात्यात झालं असेल तर धोका वाढतो.

खात्रीचा उपाय म्हणजे जठर आधीच पोटाच्या भिंतीला शिवून टाकणं, गॅस्ट्रोपेक्सी. मादीचं गर्भाशय काढताना त्याच भुलीत हे होतं. नंतर पोट वाऱ्याने फुगू शकतं, पण पीळ पडण्याची शक्यता अगदी नगण्य राहते. विम्याच्या दृष्टीने लक्षात घ्या, बहुतेक पॉलिसी पीळ पडल्यावरची शस्त्रक्रिया देतात आणि ही प्रतिबंधक शस्त्रक्रिया देत नाहीत. ती स्वतःच्या पैशाने करायची तयारी ठेवा. माझ्या मते डेनच्या मालकाने विम्याच्याही आधी या पैशाची सोय करावी.

क्लेमखिडकी

बरीच वर्षं प्राण्यांच्या विम्याचे क्लेम तपासण्याचं काम केलंय, आता त्या क्षेत्रात नाही. कुठल्याही कंपनीची बाजू घेत नाही. मृण्मयीताई, पॉलिसी वाचताना कुठे बोट ठेवायचं ते सांगतो.

आनुवंशिक आणि जन्मजात आजार. तुमच्या दृष्टीने सगळी पॉलिसी या एका ओळीवर उभी आहे. हिप डिसप्लेशिया, हृदयाचा आजार, वॉब्लर हा मानेच्या मणक्यांचा आजार, हे सगळं आनुवंशिक म्हणून वगळलं असेल तर डेनसाठी ती पॉलिसी घेऊ नका, कितीही स्वस्त असो. काही ठिकाणी आनुवंशिक आजार मिळतात, पण हिप डिसप्लेशियाला वेगळी अट असते. ठरावीक वयाच्या आत पॉलिसी घेतलेली हवी, किंवा सांध्यांसाठी वेटिंग पिरियड वेगळा. साध्या आजाराला साधारण दोन आठवडे थांबावं लागतं, सांध्यांना आणि लिगामेंटला कित्येकदा सहा महिने. वाढत्या डेनच्या आयुष्यात हे सहा महिने फार मोठे आहेत. काही कंपन्या पशुवैद्याच्या तपासणीचा कागद दिला की हा काळ कमी करतात. विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही, म्हणून विचारा.

मर्यादा कशावर आहे? वर्षाला, आजारामागे की जन्मभरासाठी? आणि रिन्यूअलला ती पुन्हा पूर्ण होते का? काही पॉलिसी एका आजाराला पहिले १२ महिनेच पैसे देतात, नंतर तो आजार कायमचा बाहेर. पाय मोडला तर अशी पॉलिसी पुरते. हृदयाच्या आजाराला, जिथे गोळ्या जन्मभर चालतात, ती दुसऱ्या वर्षी निरुपयोगी होते. महाकाय कुत्र्याला दरवर्षी मर्यादा नव्याने भरणारी पॉलिसीच घ्यावी. आणि ती मर्यादा तुमच्या भागातल्या पीळ पडण्याच्या शस्त्रक्रियेच्या खर्चापेक्षा बरीच वर हवी. तो आकडा जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयात सरळ विचारा, सांगतात.

डिडक्टिबल, म्हणजे बिलातला आपण स्वतः भरायचा ठरावीक हिस्सा, आणि परतावा. समजा बिल १०० आहे, डिडक्टिबल २० आणि परतावा ८० टक्के. आधी डिडक्टिबल वजा केलं तर (१०० − २०) च्या ८० टक्के, म्हणजे ६४ हातात येतात. आधी टक्केवारी लावून मग डिडक्टिबल कापलं तर ८० − २०, म्हणजे ६०. दोन पॉलिसींवर आकडे तेच छापलेले असतात, हातात येणारे पैसे वेगळे. शिवाय डिडक्टिबल वर्षातून एकदा कापतात की प्रत्येक आजाराला वेगळं, हेही बघा. ज्या कुत्र्याला एका वर्षात कान, पाय आणि पोट अशा तीन तक्रारी होऊ शकतात, त्याला वर्षातून एकदाचं डिडक्टिबल परवडतं.

वयाबरोबर काय होतं? प्रीमियम वाढतोच. काही ठिकाणी ठरावीक वयानंतर बिलाचा काही टक्के हिस्सा तुमच्यावर टाकतात आणि महाकाय जातींसाठी ते वय लवकर येतं. नव्याने विमा घेण्याची वयोमर्यादाही यांना कमी असते. आजचा आकडा बघून ठरवू नका, याच जातीच्या पाच आणि सात वर्षांच्या कुत्र्याचं कोटेशन मागवून घ्या. पुढे काय भरावं लागेल त्याचा अंदाज येतो.

प्रीमियम एवढा का, याचं उत्तर नोंदींत आहे. कुत्र्याची पहिली विमा पॉलिसी स्वीडनमध्ये १९२४ साली निघाली. तिथे बहुसंख्य कुत्री विमा उतरवलेली असतात आणि अ‍ॅग्रिया कंपनीच्या नोंदींवरून कुठल्या जातीला कुठल्या वयात काय होतं, याचे मोठे अभ्यास झालेत. वुल्फहाउंड, डेन, सेंट बर्नार्ड, बर्नीज यांचे मृत्यू लवकर होतात, हे त्यांत लखलखीत दिसतं. प्रीमियम ठरवणाऱ्यांपुढे असे तक्ते असतात.

हिशेबनीस

डॉक्टरांचा वेळेचा मुद्दा मान्य. मी खातं भरायला लागणारा काळ धरला होता, पण आजार त्याआधी येईल हे लहान कुत्र्यांच्या अनुभवावरून लक्षात आलं नव्हतं. तरी वेलनेसचं जोडपत्र घेऊ नये, यावर मी ठाम आहे. लसी आणि तपासण्यांचा खर्च ठरलेला असतो, त्याचा विमा म्हणजे आपलेच पैसे आपल्याला कापून परत. मोठ्या डिडक्टिबलची, मोठ्या मर्यादेची पॉलिसी घ्या, म्हणजे प्रीमियम उतरेल. आणि डिडक्टिबलएवढी रक्कम पिल्लू घरी येण्याआधीच बाजूला काढा.

वाऱ्यासंगे

क्लेमखिडकी यांनी रिन्यूअलबद्दल लिहिलंय, त्यात माझा अनुभव जोडते.

आमच्या वुल्फहाउंडला पुढच्या पायात, मनगटाच्या जरा वर, हाडाचा कर्करोग झाला. ताठ उभा राहणारा कुत्रा तो पाय नुसता टेकवायला लागला. गाठ बारीक होती, पण एक्स-रेमध्ये हाड वाळवी लागल्यासारखं दिसत होतं. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. निदान होतं तोवर बहुतेक कुत्र्यांत रोगाच्या पेशी फुफ्फुसांकडे गेलेल्या असतात. नुसता पाय काढला तर साधारण चार-पाच महिने, सोबत केमो दिली तर दहा-बारा महिने मिळतात. आधी बाकीच्या तीन पायांचे सांधे आणि हृदय तपासलं, कारण एवढं वजन तीन पायांवर पेलणार का हा प्रश्न होता. ते ठीक निघालं आणि आम्ही पुढे गेलो.

शस्त्रक्रिया एका विमावर्षात झाली आणि कार्बोप्लॅटिन या केमोच्या औषधाचे डोस, दर तीन आठवड्यांनी एक, पुढच्या वर्षात गेले. मर्यादा रिन्यूअलला पुन्हा भरली म्हणून केमो पूर्ण करता आली. मध्येच प्रीमियम वाढल्याचं पत्र आलं होतं आणि घरात कुणीतरी म्हणालं, दुसरी स्वस्त कंपनी बघू. तेव्हा कंपनी बदलली असती तर नव्या कंपनीने कर्करोग आधीपासूनचा म्हणून बाजूला ठेवला असता. कुत्र्याला कुठलाही मोठा आजार निघाला की ती पॉलिसी सोडायची नाही, एक दिवसही खंड पडू द्यायचा नाही.

आणि एक. बहुतेक ठिकाणी बिल आधी आपण भरायचं, पैसे मागाहून येतात. आमच्याकडे विमा होता, तरी शस्त्रक्रियेच्या दिवशी क्रेडिट कार्डच पुढे करावं लागलं. रुग्णालयाला थेट पैसे देणारी कंपनी मिळाली तर तिला जास्त गुण द्या. त्याला जे महिने मिळाले ते चांगले गेले. तीन पायांवर तो बागेत पळायचा.

मोत्याचे_बाबा

आम्ही सहा वर्षांचा मास्टिफ दत्तक घेतलाय. नितंबाच्या सांध्याचं दुखणं त्याच्या कागदांत आधीपासून आहे. आमच्यासारख्यांनी काय करावं?

क्लेमखिडकी

दादा, तुमच्या बाबतीत हिशेबनीस यांचा सल्ला जास्त लागू पडतो. नितंबाचं दुखणं कुणी देणार नाही, त्यासाठी खातंच बरं. तरी पीळ पडणं, अपघात, गिळलेली वस्तू, कर्करोग हे सगळं त्या दुखण्याहून वेगळं आहे. कुठली कंपनी या वयात पूर्ण पॉलिसी देतेय का ते बघा. देत नसेल तर निदान अपघाताची घ्या. मात्र पीळ पडणं बहुतेक ठिकाणी आजारात मोडतं, अपघातात नाही, हे ध्यानात असू द्या.

तुम्हाला वेगळाच एक विमा सुचवतो, तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानभरपाईचा. ८० किलोचा प्रेमळ कुत्रा नुसता आनंदाने अंगावर आला तरी म्हातारं माणूस पडून हाड मोडू शकतं. बर्लिन, हॅम्बर्ग यांसारख्या जर्मन राज्यांत प्रत्येक कुत्र्यासाठी हा विमा कायद्याने सक्तीचा आहे. तुमच्या घराच्या विम्यात तो असू शकतो, पण काही घरविमे मास्टिफसारख्या जाती वगळतात. नीट वाचून घ्या.

ढगाची_आई

संकर जातीच्या पिल्लांबद्दलही लिहून ठेवते, कुणाच्या उपयोगी पडेल. प्रीमियम वाचवायला डेनच्या संकराला 'मध्यम आकाराचा संकर' लिहिणारे आहेत. क्लेमच्या वेळी डॉक्टरांचा कागद आणि वजन समोर येतं आणि सगळी पॉलिसीच अडचणीत येते. आई-बाप माहीत असतील तर खरं लिहा.

मृण्मयी_ल

सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याने धागा दोनदा वाचला. ठरलं असं: पिल्लू घरी येईल त्याच दिवसापासून पॉलिसी, आनुवंशिक आजारांसह, वर्षाच्या मोठ्या मर्यादेची आणि मोठ्या डिडक्टिबलची. डिडक्टिबलचे आणि गॅस्ट्रोपेक्सीचे पैसे वेगळे काढून ठेवलेत. एका कंपनीने दोन्ही बाजूंच्या आजारांचं कलम नाही असं फोनवर सांगितलं, दुसरीच्या पॉलिसीत ते स्पष्ट छापलेलं आहे.

एक शंका उरली. पहिली तपासणी पॉलिसी घेण्याआधी करू की नंतर? ढगासारखी एखादी ओळ लिहिली गेली तर?

नाडीपरीक्षा

तपासणी लगेच करा, घाबरू नका. निरोगी पिल्लाची संपूर्ण तपासणी, वजन, हृदयाचे ठोके, चारही पायांची चाल, सगळं ठीक असल्याचा कागद पुढे तुमच्याच बाजूने बोलतो. पॉलिसी त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी सुरू करा. कुठलीही खरी तक्रार मात्र विम्यासाठी डॉक्टरांपासून लपवू नका, उपचार आधी. कागदावर काय लिहिलंय ते तिथल्या तिथे वाचून घ्या. 'धावताना घसरली, तपासणीत सांधे ठीक' आणि नुसतंच 'लंगडते' यांत पुढे मोठा फरक पडतो. खरं काय घडलं ते पूर्ण लिहावं असं डॉक्टरांना सांगायला संकोच करू नका.

क्लेमखिडकी

डॉक्टरांना अनुमोदन. आणि फोनवर मिळालेलं उत्तर धरून चालू नका. तोच प्रश्न ईमेलने विचारा: 'एका गुडघ्याचा क्लेम पॉलिसीच्या काळात झाला, तर दुसऱ्या गुडघ्याचा मिळेल का, आणि दोन्ही मिळून एकच मर्यादा धरणार का?' उत्तर लेखी आलं की पॉलिसीच्या कागदांसोबत जपून ठेवा. लेखी द्यायला टाळाटाळ करत असतील तर दुसरी कंपनी बघा.